शेफिल्ड वेन्सडे: विंडास गेला, आता मालकही गेला. क्लब कोण घेणार?

हिल्सबरो_इंदूर
24 ऑक्टोबर 2025, रात्री 9.40

काल भाऊबीज झाली. आज दुपारी ताईला गाडीत बसवून इंदूरच्या सुदामा नगरला परत येत होतो तर फोन थांबेचना. इंग्लंडमधल्या शेफिल्डचे जुने मित्र, एकामागून एक. आपला फुटबॉल क्लब वेन्सडे अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला. पैसे संपले म्हणून प्रशासक नेमले, शिक्षा म्हणून 12 गुण कापले. 11 सामन्यांत जेमतेम 6 गुण कमावले होते, ते आता उणे 6 झाले.

आधी पोटात गोळा आला, मग सुटल्यासारखं वाटलं. दहा वर्षांनी क्लब मालक देजफोन चानसिरीच्या हातून सुटला.

नव्या मंडळींसाठी थोडं मागचं सांगतो. 1867 चा क्लब. मुळात क्रिकेटवाल्यांचा. बुधवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळायची, त्या दिवशी खेळायचे, म्हणून नाव वेन्सडे. चार वेळा लीगचे विजेते, शेवटचं 1930 ला. 1991 ला दुसऱ्या श्रेणीत असताना मँचेस्टर युनायटेडला हरवून लीग कप घेतला. 2000 साली प्रीमियर लीगमधून खाली आलो ते अजून तिथे परत गेलो नाही. 2015 ला चानसिरी आले, टूना मासळीच्या धंद्यातलं थाई घराणं, 37.5 दशलक्ष पौंडांना क्लब घेतला. दुसऱ्याच वर्षी वेम्बलीला प्लेऑफची, म्हणजे वरच्या श्रेणीत जाण्याची, फायनल, हलकडून 1-0 हरलो. त्या एका रात्री जिंकलो असतो तर, हा विचार शेफिल्डचा प्रत्येक माणूस अजून करतो. त्यानंतर उतारच.

मी 2022-23 ला तिथे शिकायला होतो, तेव्हा क्लब तिसऱ्या श्रेणीत होता. प्लेऑफच्या सेमीफायनलला पीटरबरोविरुद्ध दोनपैकी पहिल्या सामन्यात 4-0 मार खाऊन आलो होतो आणि 18 मे 2023 ला हिल्सबरोवर 5-1 करून पेनल्टीवर जिंकलो, तेव्हा मी कॉप या स्टँडमध्ये उभा होतो. लियम पामरने 98 व्या मिनिटाला चौथा गोल मारला तेव्हा शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याने मला कडकडून मिठी मारली. पुढे वेम्बलीला बार्न्सलीविरुद्ध जादा वेळेच्या अगदी शेवटी, 123 व्या मिनिटाला, जॉश विंडासचं हेडर, आणि आपण दुसऱ्या श्रेणीत. तो विंडास या जुलैत गेला. मायकल स्मिथही गेला. मे आणि जूनचे पगार वेळेवर झाले नव्हते. दोघांनी करार संपवून घेतले.

मला दोन गोष्टींवर तुमचं मत हवंय. गेलेल्यांना आपण काय म्हणायचं? आणि आता येणारा मालक कसा असावा?

नऊनंबर
24 ऑक्टोबर 2025, रात्री 10.05

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार आहे दादा. पळाले. विंडास थेट रेक्सहॅमला, स्मिथ प्रेस्टनला. ज्या माणसाचं हेडर मी शंभरदा बघितलं, तो क्लब बुडायला लागल्यावर दुसऱ्या होडीत बसला. बॅरी बॅनन थांबला की नाही? 2015 पासून आहे, कप्तान आहे, याच उन्हाळ्यात नवा करार केला. त्याचेही पगार अडकलेच होते. एक माणूस थांबू शकतो तर बाकीचे का नाही? मी भिंतीवरचा विंडासचा फोटो काढून टाकला.

परदेशीपुरा
24 ऑक्टोबर 2025, रात्री 10.50

नऊनंबर, तू वयाने लहान दिसतोस म्हणून शांतपणे लिहितो, पण हे वाचून आत काहीतरी दुखलं.

माझे आजोबा इथल्या एका कापड गिरणीत साच्यावर होते. नाव नको, आता गिरणीही नाही. गिरणी बंद पडायच्या आधी पगार असाच पुढे पुढे जायचा. सात तारखेचा पंधराला, पंधराचा पुढच्या महिन्यात. आजोबांचा एक सोबती होता, त्याच पाळीतला. तो एके दिवशी पिथमपूरला नव्या कारखान्यात लागला. चाळीत त्याच्याशी लोक बोलेनासे झाले. आजोबासुद्धा. का तर संप, एकजूट, आपण सगळे एकत्र, आणि हा गेला. आजोबा थांबले. गिरणी बंद झाली, देणं राहिलं, आजोबा वारले तरी देणं राहिलंच. शेवटच्या आजारपणात ते आईला म्हणाले, त्याला पोरं होती, तो गेला ते बरोबरच केलं, मी त्याच्याशी बोलायला पाहिजे होतं.

ज्याने दोन महिने घाम गाळला आणि पगार मिळाला नाही तो निघून गेला, तर पळाला कोण? पगार बुडवणारा. माझं म्हणणं एवढंच आहे.

आणि फक्त ते दोघेच चिडले होते असं नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला बर्नलीबरोबरचा सराव सामना आठव. सगळ्या खेळाडूंनी मिळून खेळायला नकार दिला, सामना रद्द झाला. त्यांत थांबलेलेही होते.

निळीपांढरी
24 ऑक्टोबर 2025, रात्री 11.15

परदेशीपुरा दादा, तुमचं लिहिणं मी बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आमच्याकडेही गिरणी होती.

विंडासबद्दल एक भर घालते. त्याचे वडील डीन विंडास. 2008 ला हल सिटीला वेम्बलीच्या प्लेऑफ फायनलमध्ये त्यांच्याच गोलने प्रीमियर लीग मिळाली होती. पंधरा वर्षांनी मुलाने त्याच मैदानावर आपल्याला वर काढलं. बाप-लेक दोघांनी वेम्बलीला आपापल्या गावाला रडवलं. असा माणूस पैशासाठी पळाला हे मला पटत नाही. तो फोटो परत लाव रे भाऊ.

नऊनंबर
24 ऑक्टोबर 2025, रात्री 11.30

ताई, फोटो ड्रॉवरमध्ये आहे, फाडला नाही. पण बॅननचं काय, याचं उत्तर कोणी दिलं नाही.

हिशोबी
25 ऑक्टोबर 2025, सकाळी 7.20

बॅननचं उत्तर नंतर कोणीतरी द्या, मी आधी हिशोब मांडतो. तीस वर्षं सीए म्हणून दिवाळखोरीचे कागद बघतोय आणि कालपासून मुलगा एकच विचारतोय, बाबा, क्लब बंद होणार का?

अ‍ॅडमिनिस्ट्रेशन म्हणजे बंद पडणं नव्हे. मालकाच्या हातून चाव्या काढून प्रशासकाकडे दिल्या जातात. तो रोजचा खर्च चालवतो आणि गिऱ्हाईक शोधतो. हे काम बेगबीज ट्रेनर ही संस्था करते आहे. सगळ्यात चांगली बातमी अशी की क्लब आणि हिल्सबरोची मालकी असलेली कंपनी, दोन्ही एकाच वेळी अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेल्या. हे का महत्त्वाचं? चानसिरींनी स्टेडियम 60 दशलक्ष पौंडांना आपल्याच दुसऱ्या कंपनीला विकलं होतं. खात्यात नफा दिसावा म्हणून. त्या व्यवहाराच्या हिशोबावरून 2020 मध्ये 12 गुण कापले, अपिलात 6 झाले, आणि त्या मोसमाच्या शेवटी आपण तळाला राहून लीग वनमध्ये, म्हणजे तिसऱ्या श्रेणीत, उतरलो. क्लब एकाचा आणि जागा दुसऱ्याची असती तर आज कोणी गिऱ्हाईक आलंच नसतं. घर विकायचं आणि दाराची चौकट दुसऱ्याच्या नावावर, असं झालं असतं.

आता देणेकरी. इंग्लिश लीगचा नियम सरळ आहे. फुटबॉलची देणी, म्हणजे खेळाडूंचे पगार, दुसऱ्या क्लबांचे हप्ते, ही पूर्ण फेडायची. बाकीच्या साध्या देणेकऱ्यांना पौंडामागे किमान 25 पेन्स, किंवा तीन वर्षांत 35 पेन्स. तेवढंही दिलं नाही तर पुढच्या मोसमात आणखी 15 गुण जातात. म्हणून नवा मालक नुसता श्रीमंत असून भागत नाही. तो पहिल्याच दिवशी मोठा चेक फाडायला तयार असला पाहिजे.

या नियमाने खेळाडूला पूर्ण पैसे मिळतात आणि मैदानावर खाणं विकणारा केटरर, तिकिटं छापणारा छापखाना चौथाईवर समाधान मानतो. हे मला कधीच बरोबर वाटलं नाही. पण आपल्या इंदूरकडे बघा. हुकुमचंद मिल नव्वदीच्या सुरुवातीला बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचा 224 कोटींचा चेक निघाला 25 डिसेंबर 2023 ला. तीस वर्षांहून जास्त. किती जण तोवर उरले? तिथे पैसा नव्हता असं नाही, जागा सोन्यासारखी होती. ठराविक दिवसांत निकाल लावा असा धाक नव्हता. इंग्लंडमध्ये तो धाक आहे, गुणतक्त्याचा.

तिलकनगर
25 ऑक्टोबर 2025, सकाळी 8.05

काका, चौथाई हा शब्द एकदम बरोबर. मुलाला सांगा, बंद नाही होणार.

महू_रोड
25 ऑक्टोबर 2025, सकाळी 9.30

मी 78 वर्षांचा आहे, नातीने टाईप करून दिलं आहे.

मालक कसा असावा यावर बोलतो. इंदूरला एकेकाळी जगातल्या मोठमोठ्या खेळाडूंनी येऊन खेळावं अशी टीम होती. होळकरांची. सी. के. नायडू कप्तान, मुश्ताक अली सलामीला. चार वेळा रणजी करंडक जिंकली. 1944-45 च्या फायनलला मुंबईविरुद्ध डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला आणि नाबाद 249 केल्या. युद्धामुळे तो महूच्या छावणीत होता. तुम्ही फुटबॉलवाली मंडळी, तुम्हाला ठाऊक असेल, हाच कॉम्प्टन आर्सेनलचा विंगर. माझे वडील त्याच्या गोष्टी सांगायचे.

ती टीम आज कुठे आहे? महाराजांचा आश्रय होता तोवर होती. संस्थान विलीन झालं, काही वर्षांत टीमचं नावही गेलं. कोणी वाईट वागलं म्हणून नव्हे. ती एका माणसाच्या प्रेमावर उभी होती म्हणून. यशवंतराव महाराजांवर माझी श्रद्धा आहे, तरी हे लिहितो. एका माणसावर उभं राहिलेलं त्या माणसाबरोबर जातं, मग तो चांगला असो की वाईट.

हिल्सबरो_इंदूर
25 ऑक्टोबर 2025, सकाळी 10.10

आजोबा, नमस्कार. कॉम्प्टनचं मला माहीत नव्हतं. हे शेफिल्डच्या मित्रांना आजच सांगतो.

तुमचाच धागा पुढे नेतो. प्रेक्षकांनीच क्लब घ्यावा का? एक्सेटर सिटी प्रेक्षकांच्या मालकीचा आहे. विम्बल्डनचं तर क्लबच उचलून दुसऱ्या गावाला नेला, तेव्हा 2002 मध्ये लोकांनी नवा काढला आणि शून्यापासून लीगपर्यंत आणला. पोर्ट्समथलाही 2013 मध्ये असंच बुडताना समर्थकांच्या ट्रस्टने वाचवलं.

हिशोबी
25 ऑक्टोबर 2025, सकाळी 10.40

आणि 2017 मध्ये पोर्ट्समथच्या त्याच समर्थकांनी मतदान करून क्लब अमेरिकन मालकाला, मायकल आइस्नर यांना विकला. ते उदाहरण पूर्ण सांगायला हवं. वाचवणं जमतं. 40,000 च्या घरातल्या क्षमतेचं जुनं स्टेडियम सांभाळून चॅम्पियनशिपचे, म्हणजे दुसऱ्या श्रेणीचे, पगार देणं लोकवर्गणीतून जमत नाही. मला विचाराल तर डर्बी काउंटी क्लबसारखं व्हावं. तिथे 2022 मध्ये एक अमेरिकन गिऱ्हाईक महिनोन्महिने पैसे आणतो म्हणाला आणि आणले नाहीत. शेवटी डेव्हिड क्लाउज, तिथलाच, लहानपणापासूनचा समर्थक, त्याने घेतला. क्लब लीग वनमध्ये गेलेला होता, दोन वर्षांत परत आला.

निळीपांढरी
25 ऑक्टोबर 2025, सकाळी 11.00

आणि बरी क्लबचं झालं ते नको. 27 ऑगस्ट 2019. 125 वर्षं लीगमध्ये असलेला क्लब, गिऱ्हाईकाने शेवटच्या दिवशी माघार घेतली आणि लीगने बाहेर काढलं. त्या दिवशी मी बारावीत होते. क्लब मरू शकतो हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

माझी एक तक्रार इथल्या लोकांकडे आहे. बुधवारच्या मिडल्सबरोच्या सामन्यावर बहिष्कार घाला म्हणून आपणही इथे लिहिलं. स्टँड ओस होते. मी स्ट्रीमवर बघत होते. ज्या पोरांना वेळेवर पगार नाही ती रिकाम्या खुर्च्यांपुढे धावत होती. ऑगस्टमध्ये लीड्सला लीग कपात पेनल्टीवर हरवलं तीच पोरं. त्यांना काय वाटलं असेल?

परदेशीपुरा
25 ऑक्टोबर 2025, दुपारी 12.15

ताई, तुम्हाला वाईट वाटलं ते मलाही वाटलं. पण दोन वर्षांपूर्वी याच मालकाने सांगितलं होतं की 20,000 समर्थकांनी प्रत्येकी 100 पौंड दिले तर अडचण सुटेल. ज्याच्या हातात कारभार तोच हात पसरतो. तिकीट हे एकच हत्यार लोकांकडे होतं. आणि बघा, बुधवारी स्टँड रिकामे, शुक्रवारी मालक गेला. दोन्हींचा थेट संबंध किती ते काका सांगतील, कर खात्याचाही तगादा होताच. पण लोकांनी काहीच केलं नसतं तर आणखी एक महिना गेला असता, आणखी एक पगार बुडाला असता.

आता मला जे खरं सांगायचं होतं ते. महू_रोडवाल्या आजोबांनी विचारलं, ती टीम कुठे आहे. मी विचारतो, गिरण्या कुठे आहेत? एकही नाही. आणि त्यांच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ? या 6 सप्टेंबरला अनंत चतुर्दशीला तुम्ही कुठे होतात? मी रात्रभर रस्त्यावर होतो. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी, सगळ्यांच्या नावाच्या झांक्या निघाल्या. भोंगा वाजून तीस वर्षं झाली, गिरणीच्या नावाची पाटी अजून दिव्यांनी सजते. पैसे कुठून येतात? थोडे महापालिकेकडून, थोडे प्राधिकरणाकडून, आणि बाकी समितीची म्हातारी माणसं दारोदार फिरून आणतात. माझ्या वडिलांनी या वर्षी पावतीपुस्तक घेऊन पाटनीपुऱ्यात अकरा दिवस पायपीट केली. मालक गेले, यंत्रं भंगारात गेली, जमिनीवर खटले चालले. झांकी राहिली, कारण ती पहिल्यापासून कामगारांनी अंगावर घेतली होती.

म्हणून मला मालक कोण याची भीती कमी वाटते. अमेरिकन येवो, शेफिल्डचा येवो. फक्त समर्थकांच्या ट्रस्टचा एक माणूस संचालकांत बसलेला असावा, हिशोब बघू शकेल असा. होळकरांच्या टीमला तेवढंच मिळालं नव्हतं.

महू_रोड
25 ऑक्टोबर 2025, दुपारी 1.00

बरोबर बोललास बेटा. मी त्या रात्री राजवाड्यावर होतो, पहाटे चारपर्यंत. पायांनी साथ दिली नाही म्हणून घरी आलो.

हिल्सबरो_इंदूर
25 ऑक्टोबर 2025, रात्री 11.50

ऑक्सफर्डविरुद्ध हरलो. पण आकडा लिहितोय, 25,000 च्या वर लोक. तीन दिवसांपूर्वी जिथे खुर्च्या रिकाम्या होत्या तिथे. काल बातमी आल्यापासून क्लबच्या दुकानाबाहेर रांग होती, कारण आता खर्च केलेला पैसा मालकाच्या खिशात जात नाही, पगाराला जातो.

काल रात्री मी एक तिकीट काढलं. मला जाता येणार नव्हतं हे उघड आहे. माझ्या तिथल्या घरमालकांसाठी काढलं, वॉकलीला राहतात, पन्नास वर्षं जायचे, गेले दोन मोसम रागाने गेले नव्हते. आज त्यांनी कॉपमधून फोटो पाठवला. गळ्यात जुना निळा-पांढरा स्कार्फ, डोळे लाल. खाली लिहिलंय, हरलो, छान वाटलं.

आजी मला नेहमी म्हणायची, घुबडाचा शर्ट (घुबड हे आपल्या क्लबचं चिन्ह) घालून देवघरासमोर उभा राहू नकोस. मग एका दिवाळीला तिनेच सांगितलं, अरे, हे तर लक्ष्मीचं वाहन. आज लक्ष्मीपूजनाचा राहिलेला एक दिवा लावला.

नऊनंबर
26 ऑक्टोबर 2025, सकाळी 9.15

सामना बघताना बॅननकडे लक्ष होतं. हरल्यावर तो चारही बाजूंना टाळ्या वाजवत फिरत होता. तो थांबला म्हणून मी त्याला मानतो, हे कोणी माझ्याकडून काढून घेऊ नका. पण परदेशीपुरा दादांच्या आजोबांचं रात्रभर डोक्यात होतं. माझे वडील खासगी बस चालवतात. लॉकडाऊनमध्ये त्यांनी एक मालक सोडला होता. तेव्हा घरात कोणी त्यांना पळाला म्हटलं नव्हतं. विंडासचा फोटो अजून ड्रॉवरमध्येच आहे. बघू.

काका, एक विचारायचं होतं. जानेवारीत खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची खिडकी उघडली की प्रशासक आपल्या गोलकीपर पियर्स चार्ल्ससारख्या पोरांना विकतील का?

हिशोबी
26 ऑक्टोबर 2025, सकाळी 9.50

विकू शकतात. तोवर गिऱ्हाईक पक्का झाला नाही आणि पगाराला पैसे कमी पडले तर विकावंच लागेल, आणि समोरच्याला आपली अडचण माहीत असल्यामुळे भाव पडेल. गिऱ्हाईक पक्का असेल तर तो म्हणू शकतो, पोरांना हात लावू नका, महिन्याचा खर्च मी देतो. म्हणून मी डिसेंबरच्या आधी नाव यावं म्हणतोय. घाई चुकीच्या माणसाची नको, पण जानेवारीच्या आधी हवी.

आणि विकलाच तर त्या पोराला पळाला म्हणू नकोस.

परदेशीपुरा
26 ऑक्टोबर 2025, सकाळी 10.20

पुढच्या शनिवारी माझ्याकडे बघू सगळे. घर लहान आहे पण गच्ची मोठी आहे, प्रोजेक्टर झांकीच्या समितीकडून आणतो. पोहे आई करेल. महू_रोडवाल्या आजोबांना घ्यायला मी गाडी घेऊन येईन, पत्ता निरोपात पाठवा.